दोन अर्धभागांचे शिल्प : अल्बेर्तीच्या मापनयंत्रापासून घरगुती सीएनसी यंत्रापर्यंत

१

पंधराव्या शतकात लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती या इटालियन पंडिताने मूर्तिकलेवर ‘दे स्तातुआ’ नावाचा एक लहानसा लॅटिन प्रबंध लिहिला. त्यात त्याने एक विलक्षण विधान केले आहे. आपण सांगितलेल्या रीतीने मापे घेतली, तर एखाद्या मूर्तीचा अर्धा भाग ग्रीसमधील पारोस बेटावर आणि उरलेला अर्धा इटलीतील लूनीच्या प्रदेशात घडविता येईल, आणि दोन्ही भाग एकत्र आणले असता त्यांचा सांधा बिनचूक जुळेल, असे तो म्हणतो. पारोस आणि लूनी ही दोन्ही स्थाने संगमरवरासाठी प्रसिद्ध होती. अल्बेर्तीच्या समोर अशी मूर्ती प्रत्यक्ष होती असे नव्हे. मापांवरील आपला विश्वास त्याने या उदाहरणाने व्यक्त केला आहे.

आज मेजावर मावणाऱ्या एखाद्या हौशी सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाने अंकांच्या द्वारे चालविलेल्या छोट्या कोरणी-यंत्रावर, प्राण्याची सर्व बाजूंनी पाहता येणारी मूर्ती लाकडात कोरावयाची झाल्यास ती बहुधा दोन अर्धभागांतच कोरावी लागते. दोन्ही भाग निरनिराळ्या वेळी, क्वचित निरनिराळ्या घरांतही, कापले जातात आणि मागाहून सांधले जातात. अल्बेर्तीचे विधान अशा रीतीने एखाद्या हौशी कारागिराच्या सुटीच्या दिवशीचे काम होऊन बसले आहे.

या दोन टोकांमधील वाट कशी तयार झाली हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. सामान्यतः सीएनसी यंत्राचा इतिहास हा संगणकाच्या इतिहासाचा एक पोटभाग म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगितल्याने त्याचा अर्धाच उलगडा होतो असे मला वाटते. मूर्तीचा आकार मूर्तीपासून वेगळा काढून दुसरीकडे नेता यावा, ही धडपड संगणकापेक्षा कित्येक शतके जुनी आहे. या धडपडीत प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न नव्याने उभा राहिला : आकार ठरविणारा, त्याची मापे घेणारा आणि हत्यार चालविणारा हे तिघे एकच असावेत की निरनिराळे? हौशी यंत्राचे ऐतिहासिक महत्त्व याच प्रश्नाच्या संदर्भात नीट कळते.

२

मूर्ती आणि अंक यांचा संबंध भारतीय वाचकाला अपरिचित नाही. आपल्या शिल्पशास्त्रातील तालमानात मुखाची लांबी हा ‘ताल’ धरून त्याचे १२ अंगुळे भाग पाडतात आणि मूर्तीची उंची नवताल, दशताल अशी ठरवितात. परंतु तालमान हे प्रमाण सांगते. गुडघा कोठे यावा हे त्यावरून ठरते. गुडघ्याच्या वाटीवरील प्रत्येक बिंदू कोठे आहे हे ठरत नाही. प्रमाण आणि बिंदू यांच्यामधील जागा शिल्पी आपल्या अभ्यासाने भरून काढतो.

अल्बेर्तीने वर्णिलेले उपकरण याहून भिन्न प्रकारचे होते. मूर्तीच्या मस्तकावर अंश आखलेली एक तबकडी बसवावयाची, तिच्या मध्यातून फिरणारी एक मापाची पट्टी ठेवावयाची, आणि पट्टीवरून ओळंबा सोडावयाचा, अशी त्याची रचना होती. पट्टी कोणत्या अंशावर आहे, ओळंबा मध्यापासून किती अंतरावर आहे आणि तो किती खाली उतरला आहे, या तीन अंकांनी मूर्तीच्या पृष्ठावरील कोणताही बिंदू निश्चित करता येतो. गणिताच्या परिभाषेत यांना आज आपण दंडगोलीय सहनिर्देशक म्हणू. येथे प्रथमच विशिष्ट मूर्तीचा आकार, प्रमाणाच्या नियमावर अवलंबून न राहता, अंकांच्या यादीच्या रूपाने कागदावर उतरविण्याची कल्पना स्पष्टपणे मांडलेली आढळते.

व्यवहारात मात्र ही यादी लिहिण्याची दगदग टाळणारे साधन अधिक रूढ झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या प्रारंभी यूरोपातील शिल्पशाळांत जे बिंदुयंत्र प्रचारात आले, त्याच्याशी फ्रान्समधील निकोला-मारी गातो आणि इंग्लंडमधील जॉन बेकन यांची नावे जोडली जातात. प्लास्टरच्या नमुन्यावर तीन स्थिर बिंदूंच्या आधाराने एक चौकट टेकवितात. तिच्यावरील सुई नमुन्याच्या पृष्ठाला लावून त्या ठिकाणी तिचा अटकाव घट्ट करतात. मग तीच चौकट दगडावर तशाच तीन बिंदूंवर टेकवून, सुई अटकावापर्यंत आत जाईतो दगडाला भोक पाडतात. अशी शेकडो भोके पाडली म्हणजे त्यांच्या तळापर्यंतचा दगड छिन्नीने काढावयाचा एवढेच काम उरते. अंक येथे लिहिला जात नाही. सुईची लांबी हाच अंक होय.

या यंत्रामुळे शिल्पशाळेतील श्रमविभाग पक्का झाला. शिल्पकार माती व प्लास्टर यांत काम करी आणि संगमरवरातील काम बिंदू घेणाऱ्या कारागिरांवर सोपवी. तरीही बिंदू आणि बिंदू यांमधील पृष्ठभाग हा हाताचाच राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी.

३

बिंदूंऐवजी अखंड पृष्ठाचाच माग काढणारे यंत्र ही पुढची पायरी होय. या पायरीवर आपणांस जेम्स वॉट भेटतो. वाफेच्या यंत्राचे एकस्वाधिकार १८०० साली संपल्यावर वॉट धंद्यातून निवृत्त झाला आणि बर्मिंगहॅमजवळील हीथफील्ड येथील आपल्या घराच्या माळ्यावरील कार्यशाळेत १८१९ मधील मृत्यूपर्यंत तो मूर्तींच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांवर काम करीत राहिला. पदकांच्या प्रती काढणारे एक यंत्र त्याने १८०२ मध्ये पॅरिसला पाहिले होते. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. त्याने दोन यंत्रे रचली : एक मूळ आकाराची प्रत काढणारे व दुसरे लहान प्रमाणात प्रत काढणारे. मूळ मूर्तीवरून एक बोथट शोधक फिरे, आणि त्याला दांड्यांनी जोडलेले फिरते हत्यार प्लास्टरमध्ये किंवा अलाबास्टरमध्ये तीच हालचाल करी. या यंत्राचे एकस्व त्याने घेतले नाही. ती संपूर्ण कार्यशाळा, हत्यारांसह, १९२४ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलविण्यात आली.

वॉटचा मृत्यू झाला त्याच वर्षी, १८१९ मध्ये, अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड याने बंदुकांचे लाकडी दस्ते कातणाऱ्या लेथचे एकस्व मिळविले. दस्त्याचा आकार गोल नसतो; साध्या लेथवर तो कातता येत नाही. ब्लँचर्डने लोखंडी दस्ता आणि कच्चे लाकूड एकाच वेळी फिरविले. नमुन्यावर टेकलेले चाक जसे आत-बाहेर होई, तसे कापणारे चाकही होई. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत हे यंत्र प्रचारात आले आणि पुढे बुटांचे साचे व कुऱ्हाडींचे दांडे यांनाही लागू पडले. मूर्ती आणि बंदूक यांना एकच युक्ती लागू पडावी, यात आश्चर्य नाही. अनियमित पृष्ठ ही दोन्हींची अडचण एकच होती. एकस्वाची मुदत वाढवून घेण्यासाठी ब्लँचर्डने काँग्रेसच्या सभासदांचे अर्धपुतळे आपल्या यंत्रावर कातून दाखविले, अशीही हकीकत सांगितली जाते.

शिल्पाच्या बाजारात या युक्तीचा सर्वांत मोठा उपयोग फ्रान्समध्ये झाला. आशिल कोलास याने १८३६ च्या सुमारास आपले लघुकरण-यंत्र सिद्ध केले आणि १८३८ मध्ये फेर्दिनां बार्बदियेन या उद्योजकाशी भागीदारी केली. संग्रहालयातील प्राचीन मूर्तींच्या लहान ब्राँझ प्रती मध्यमवर्गीय घरांतील कपाटांवर विराजू लागल्या. इंग्लंडमध्ये बेंजामिन चेव्हर्टन याने असेच यंत्र रचून १८४४ मध्ये एकस्व घेतले, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हस्तिदंतातील लघुप्रतीबद्दल पदक मिळविले. कोलासच्या प्रतींवर यांत्रिक लघुकरणाची त्याच्या नावाची मुद्रा उठविलेली असे. मूर्तीवर शिल्पकाराबरोबर यंत्रकर्त्याचेही नाव यावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

प्राणिशिल्पाचा प्रश्न येथे विशेषत्वाने उपस्थित होतो. त्या काळचा श्रेष्ठ प्राणिशिल्पकार आंत्वान-लुई बारी हा पॅरिसच्या वनस्पती-उद्यानातील प्राणिसंग्रहालयात जाऊन प्राण्यांचे निरीक्षण करी; मेलेल्या प्राण्यांची मापे घेऊन त्यांच्या शरीररचनेचा अभ्यास करी. सिंहाला हव्या त्या पवित्र्यात उभे करता येत नाही. म्हणून मापे निश्चल शरीरापासून घ्यावयाची आणि गती आपल्या कल्पनेने घालावयाची, असा त्याचा मार्ग होता. १८७५ मध्ये बारीचा मृत्यू झाला, आणि त्याचे पुष्कळसे नमुने बार्बदियेनने विकत घेऊन त्यांच्या प्रती काढणे चालू ठेवले. बारीच्या हाती माप हे आकार शोधण्याचे साधन होते. कारखान्याच्या हाती ते आकाराची पुनरावृत्ती करण्याचे साधन झाले. एकाच मापाचे हे दोन उपयोग पुढील सर्व इतिहासात आपणांस दिसतात.

४

वॉटपासून कोलासपर्यंतच्या सर्व यंत्रांना एक मर्यादा होती : नमुना यंत्रापाशी हजर असावा लागे. ही मर्यादा विसाव्या शतकाच्या मध्यास नाहीशी झाली, आणि तिचे निमित्त शिल्प नसून हेलिकॉप्टरचे पाते होते.

मिशिगनमधील जॉन पार्सन्स याची कंपनी सिकोर्स्की यांच्या हेलिकॉप्टरांसाठी पाती बनवी. पात्याच्या छेदाची वक्ररेषा अवघ्या १७ बिंदूंनी दिलेली असे. मधला भाग कारागिराने जुळवून घ्यावयाचा. पार्सन्सचा सहकारी फ्रँक स्टुलेन याने छिद्रपत्रांवर चालणाऱ्या गणनयंत्राच्या साहाय्याने १७ ऐवजी २०० बिंदू काढले, आणि प्रत्येक बिंदू हत्याराच्या त्रिज्येइतका बाहेर सरकविला. मग एकाने अंक वाचावेत आणि दोघांनी यंत्राच्या दोन अक्षांवरील चाके त्याप्रमाणे फिरवावीत, अशी रीत अवलंबिण्यात आली. राहिलेले उंचवटे कानशीने घासून काढीत. शिल्पशाळेतील बिंदुयंत्राशी हिचे साम्य उघड आहे : तेथे भोके आणि छिन्नी, येथे बिंदू आणि कानस. फरक एवढाच की, येथे प्लास्टरचा नमुना कोठेच नव्हता. त्याची जागा अंकांच्या यादीने घेतली होती.

१९४९ मध्ये अमेरिकन वायुदलाच्या द्रव्यसाहाय्याने हे काम पुढे गेले, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने १९५२ मध्ये छिद्रित फितीवरून चालणारे तीन अक्षांचे मिलिंग यंत्र लोकांसमोर चालवून दाखविले. याच संस्थेत डग्लस रॉस याच्या नेतृत्वाखाली ‘एपीटी’ ही यंत्राला आज्ञा देण्याची भाषा तयार झाली. १९५९ मध्ये ती जाहीर करताना पत्रकारांना तिच्या साहाय्याने कोरलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रे भेट देण्यात आली. विमानासाठी जन्मलेल्या या विद्येचे लोकांच्या हाती पडलेले पहिले फळ मेजावर ठेवावयाची कोरीव वस्तू असावी, हे पुढील घटनांचे सूचक होते.

या टप्प्याचा सामाजिक अर्थ काय, याविषयी डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ मध्ये ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात एक वादग्रस्त प्रमेय मांडले. अंकनियंत्रणाला त्या काळी एक पर्याय उपलब्ध होता : कुशल कारागिराने एक वस्तू स्वतः कापावी, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवाव्यात आणि यंत्राने त्या पुनः कराव्यात. हा पर्याय मागे पडला, त्याचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. कामाची सूत्रे कारागिराच्या हातून काढून कार्यालयातील आज्ञालेखकाकडे सोपविण्याची व्यवस्थापकांची इच्छा त्यामागे होती, असे नोबल म्हणतो. या मताला एक आक्षेप घेता येतो. विमानाची काही वक्रपृष्ठे मुळात हाताने कापणेच इतके कठीण होते की, त्यांची नोंद करावयास कारागिराचे काम उपलब्धच नव्हते. तथापि अंकनियंत्रणाने यादी लिहिणारा आणि यंत्रापाशी उभा राहणारा यांना दोन खोल्यांत विभागले, हे नोबलचे निरीक्षण नाकारता येत नाही.

५

हे विभाजन ज्या यंत्राने पुनः पुसले, ते हौशी यंत्र होय. त्याच्या मागे तीन गोष्टी आहेत. पहिली, यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची ‘जी-कोड’ नावाची लिपी. तिचे अमेरिकेतील प्रमाणीकरण १९८० मध्ये आरएस-२७४-डी या नावाने झाले. दुसरी, २००५ मध्ये इटलीतील इव्रेया येथे निघालेले ‘आर्दुइनो’ हे स्वस्त नियंत्रण-पट्ट. तिसरी, २००९ मध्ये नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कोग्सरुड याने लिहिलेली ‘जीआरबीएल’ ही मुक्त आज्ञावली. आर्दुइनोवरील ज्या चिपसाठी ती लिहिली गेली, तिची आज्ञा साठविण्याची जागा अवघी ३२ किलोबाइट आहे. १९५२ मध्ये कपाटेच्या कपाटे व्यापणारे नियंत्रण आता तळहातावर मावू लागले.

कोरावयाचा आकारही अंकांतच येतो. या बाबतीत एका सशाचे उदाहरण मननीय आहे. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी दुकानातून आणलेल्या सशाच्या एका भाजक्या मातीच्या मूर्तीवर लेसरचे किरण फिरवून निरनिराळ्या दिशांनी मापे घेतली आणि ती एकत्र सांधून ६९,४५१ त्रिकोणांचे एक जाळे तयार केले. हे जाळे सर्वांना उपलब्ध करून देण्यात आले, आणि संगणकचित्रणाच्या अभ्यासात ते जगभर वापरले गेले. अल्बेर्तीची अंकांची यादी येथे पूर्णत्वास गेली. त्या सशाच्या तळाशी जाळ्यात छिद्रे आहेत : काही मूळ मूर्ती पोकळ असल्यामुळे, आणि काही लेसरची दृष्टी तेथे न पोचल्यामुळे. मापणाऱ्याला जे दिसत नाही, ते यादीतही येत नाही.

आता हा ससा प्रत्यक्ष लाकडात आणावयाचा आहे असे समजू. ‘३०१८’ या नावाने विकले जाणारे यंत्र सर्वपरिचित आहे. त्याचा प्रवास आडवा ३०० व १८० मिलिमीटर आणि उभा ४५ मिलिमीटर असतो. कटर केवळ वरून खाली पाहतो. सशाचे पोट, हनुवटीखालची जागा, पायांमधील पोकळी त्याच्या दृष्टीच्या आड राहतात. म्हणून सशाला कुशीवर निजवून मधोमध दोन भाग कल्पावे लागतात. प्रत्येक अर्धभागाची खोली ३५ मिलिमीटर धरली, तर मूर्तीची जाडी ७० आणि लांबी सुमारे ९० मिलिमीटर भरते.

प्रथम सपाट टोकाच्या कटरने थराथराने ढोबळ आकार काढतात. मग गोल टोकाच्या कटरने शेजारी-शेजारी ओळी कापून पृष्ठ पुरे करतात. ३ मिलिमीटर व्यासाचा कटर आणि ओळींमध्ये ०.३ मिलिमीटर अंतर धरले, तर ९० मिलिमीटर रुंदीस ३०० ओळी होतात, आणि चढ-उतार न धरताही कटरला २७ मीटर चालावे लागते. मिनिटास ९०० मिलिमीटर या वेगाने हे अर्ध्या तासाचे काम झाले. दोन ओळींमध्ये उरणाऱ्या वरंब्याची उंची, अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागले असता मिळते. येथे ती सपाट भागावर ०.००७५ मिलिमीटर येते. ४५ अंशांच्या उतारावर ती दुप्पट होते, आणि कुशीच्या उभ्या कडांवर त्याहूनही वाढते. म्हणून सशाची कूस गुळगुळीत व कडा खरबरीत निघतात. त्यांना पॉलिश पेपर लावावा लागतो. जी खाच दीड मिलिमीटर त्रिज्येहून अरुंद आहे, उदाहरणार्थ कान आणि मान यांमधील फट, तीत हा कटर शिरतच नाही; ती पटाशीनेच उघडावी लागते. कटरचा मार्ग त्याच्या त्रिज्येइतका बाहेर सरकविण्याचा जो हिशेब स्टुलेनने केला, तोच येथे प्रत्येक ओळीत करावा लागतो.

अंक लाकडाविषयी काही सांगत नाहीत. तंतू कानाला आडवे गेले, तर कटरच्या एका धक्क्याने कान तुटतो. म्हणून फळीवर सशाची दिशा माणसाने ठरवावयाची. दोन्ही अर्धभाग एकाच फळीतून, तंतूंची दिशा सारखी ठेवून काढले नाहीत, तर दमट हवेत ते कमी-अधिक फुगतात आणि सांधा उघडतो. सांधा जुळावा म्हणून खुंट्यांची भोके त्याच यंत्रावर, फळी न हलविता, पाडून घ्यावी लागतात. पारोस आणि लूनी यांच्यामध्ये केवळ मापे पुरेशी होतील असे अल्बेर्तीने मानले. द्रव्याचे हे वर्तन त्याच्या विधानात धरलेले नाही.

६

या विवेचनावरून काय निष्पन्न होते? बिंदुयंत्राने शिल्पकार आणि दगड कापणारा यांना वेगळे केले. लघुकरण-यंत्राने मूर्ती आणि तिची बाजारातील प्रत यांना वेगळे केले. अंकनियंत्रणाने आज्ञा लिहिणारा आणि यंत्र सांभाळणारा यांना वेगळे केले. हौशी यंत्रावर आज्ञा काढणारा, फळी बांधणारा, कटर मोडला असता तो बदलणारा आणि सांध्याला सरस लावणारा हे पुनः एकच झाले आहेत. कारखान्याने हिरावलेली ही एकता घरी परत आली, ही लहान गोष्ट नव्हे. कारागिराचा विवेक यंत्राने नाहीसा केला, या समजुतीलाही येथे उत्तर मिळते : कापण्याच्या क्षणी तो मोकळा असला, तरी कापण्यापूर्वी तंतू, दिशा, कटर आणि सांधा ठरविताना त्याची कसोटी लागते.

परंतु ही एकता अपुरी आहे. तिघांपैकी पहिला, आकार ठरविणारा, तिच्यात बहुधा नसतो. हौशी कारागीर पुष्कळदा दुसऱ्याने मापलेला ससा कोरतो. तो ससा आज विद्यापीठाच्या नावाने ओळखला जातो. माती घडविणाऱ्या हाताच्या नावाने नव्हे. कोलासच्या मुद्रेने ज्या गोष्टीस प्रारंभ केला, तिची ही परिणती आहे. बारीप्रमाणे जिवंत प्राण्यासमोर बसून जो आपली मापे स्वतः काढील आणि मग यंत्र चालवील, त्याच्याच हाती हे तिन्ही व्यवसाय खऱ्या अर्थाने एकत्र येतील.

इतिहासाच्या अभ्यासकांना यातून एक कार्यही सुचते. संगमरवरी मूर्तीवर राहून गेलेल्या बिंदूंच्या खळग्यांवरून जशी तिची घडण ओळखता येते, तशीच या लाकडी प्राण्यांची घडण उतारावरील वरंबे, अंगभर गेलेला सांधा आणि पटाशीने उघडलेली कानामागची फट यांवरून ओळखता येईल. अशा वस्तू उद्या संग्रहालयांत येतील. त्यांची नोंद करताना आकार कोणाचा, मापे कोणाची आणि हात कोणाचा, हे तीन रकाने वेगवेगळे ठेवावेत, एवढी सूचना करून हा लेख पुरा करतो.